लादलेला संयम

बाहेरून घातलेल्या बंधनातून खरा संयम येतो का, हा भारतीय चिंतनातला जुना प्रश्न मोबाईलने आता घराघरांत आणून ठेवला आहे. भगवद्गीतेचे उत्तर वरवर पाहता नकाराकडे झुकते. कर्मेंद्रिये आवरून मनात विषयांचेच चिंतन करणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायात त्याहून बारीक निरीक्षण आहे: आहार तोडणाऱ्याचे विषय सुटतात, त्यांची गोडी सुटत नाही. मोबाईल कपाटात गेला तरी मुलाचा जीव कपाटाकडेच लागलेला असतो, तो याचमुळे.

पण हा उपदेश अर्जुनाला, म्हणजे स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणाऱ्या प्रौढाला केलेला आहे. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी. चार वर्षांच्या मुलाचा सारथी अजून घडायचा असतो. तोवर लगाम मोठ्यांनी धरला तर त्याला ढोंग म्हणता येत नाही. शिवाय या रूपकात विषय म्हणजे रस्ते, आणि रस्ते आपणहून कोणाला ओढत नाहीत. आजचा पडदा तसा नाही. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, रील्सना शेवट नसतो. ‘आता पुरे’ असे ठरवायला जी उसंत लागते, तीच रचनेतून काढून टाकलेली असते. मोठ्यांची बुद्धीही इथे हरते. लहानग्याकडून तिची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

म्हणून वेळेच्या मर्यादेला अर्थ आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वयात दिवसाला फार तर एक तास, असे सुचवले आहे. नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट आहे, हे परदेशातल्या नातवंडांच्या आजी-आजोबांना बरे वाटावे. मात्र घड्याळ गोडीबद्दल काही सांगत नाही. मोबाईल दाखवून घास भरवणे, शहाण्यासारखे वागल्याचे बक्षीस म्हणून तो देणे, यांत वेळ थोडा जातो, पण गोडी वाढते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून एक वेगळी वाट धरली. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, असा तो नियम. वेळ दिवेलागणीची, शुभंकरोती आणि परवचा ज्या वेळी म्हटला जाई तीच. भोंग्याने सद्गुण येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक व्हावा लागतो. पहिल्या दोन अटी भोंगा पुऱ्या करू शकतो, तिसरी नाही. तरीही या प्रयोगातली कळीची गोष्ट आवाजात नसून व्याप्तीत आहे: नियम आईच्या मालिकेला आणि बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू आहे. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे गीतेतलेच निरीक्षण. केवळ मुलावर चालणारा नियम त्याला शिक्षा वाटतो, आणि शिक्षेविषयी आदर कसा निर्माण होणार?

गोडी सुटण्याचा मार्ग गीतेने दुसऱ्या अध्यायातल्या त्या गोडीच्याच श्लोकात पुढे दिला आहे: काही श्रेष्ठ दिसले की ती मावळते. तिथे अभिप्रेत आहे परमतत्त्व. घराच्या पातळीवर गोष्ट, पत्त्यांचा डाव, अंगणातला खेळ, स्वयंपाकघरात कणीक मळायला मिळणे एवढेही पुष्कळ होते. पडदा बंद करून मुलाला नुसते बसवून ठेवले, तर त्या रिकाम्या वेळात तो पडद्याचेच चिंतन करील.

राहतो प्रश्न लगाम परत देण्याचा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मर्यादा ठरवताना सोबत घेता येते, कधी ती मोडू देऊन त्याचा परिणाम त्यालाच पाहू देता येतो. सोळाव्या वर्षीही पासवर्ड आईबाबांच्याच मुठीत असेल, तर नियम पाळला गेला असे फार तर म्हणता येईल. सारथ्याला हात बसवायची संधी मिळालेली नसते.