दिवस संपवायची घाई नको

चि. मिहिर यास,


तुझ्या हातातल्या त्या निन्टेन्डो स्विचवरून घरात दोन मतं आहेत, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण मी तुझ्या बाजूची आहे, कारण मे महिन्याच्या सुट्टीत तू मला शेजारी बसवून ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ दाखवलास, कुठलं पायदळ, कुठली तोफ, कोणाला किती घरं चालता येतं, सगळं न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलंस, आणि ज्याला आजीला शिकवायचा कंटाळा येत नाही तो मुलगा खेळापायी बिघडेल, ही भीती माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. हरलास तरी आदळआपट करत नाहीस, धाकटीला बघू देतोस, हाक मारली की ठेवून उठतोस. मला काळजी आहे ती फक्त तुझ्या उजव्या अंगठ्याची. शेवटच्या रणगाड्याची चाल झाली न झाली तोच तो ‘एंड टर्न’वर, म्हणजे खेळातला दिवस संपवण्यावर, जाऊन बसतो, आणि कोपऱ्यातलं बिचारं पायदळ त्या दिवशी कोणी विचारलंच नाही म्हणून तसंच उभं राहतं.

बाळा, या खेळात घड्याळ नाही. तुझी पाळी असताना शत्रूचा एकही शिपाई जागचा हलत नाही. तू पाणी पिऊन ये, जेवून ये, अभ्यास उरकून ये, नकाशा होता तसाच असतो, आणि दिवस कधी मावळायचा हे सर्वस्वी तुझ्या हाती असतं. लढाई संपली की वेग, ताकद आणि कौशल्य अशा तीन गोष्टींवर गुण मिळतात आणि वेगाचे गुण हवेत म्हणून मी पळतो, असं तू मला म्हणालास. पण राजा, तो वेग दिवसांवर मोजतात, मिनिटांवर नाही. एका दिवसाचा विचार तू अर्धा तास केलास तरी खेळाच्या हिशेबी तो एकच दिवस. आणि घाईत दोन रणगाडे गमावलेस तर कौशल्याचे गुण जातात, शिवाय नवे रणगाडे तयार करून आघाडीवर पोचवण्यात आणखी दिवस जातात, म्हणजे ज्या वेगासाठी पळालास त्याचेही गुण गेलेच.

आता चालींच्या क्रमाचं बघ, कारण मला या खेळातलं सगळ्यात जास्त तेच आवडलं. प्रत्येक तुकडीचं बळ दहा, आणि जेवढं बळ उरलं असेल तेवढाच मार ती देऊ शकते. समोर मोकळ्या मैदानात शत्रूचा रणगाडा उभा आहे आणि तुझ्याकडे एक रणगाडा आणि एक तोफ आहे असं समज. तू उत्साहाने आधी रणगाडा नेऊन भिडवतोस. शत्रूचं निम्म्याच्या आसपास बळ जातं खरं, पण उरलेल्या निम्म्याने तो लगेच उलट मारतो आणि तुझाही रणगाडा पोचे पाडून घेतो. तेच आधी तोफ डागलीस तर ती दोन-तीन घरं लांबून मारते, म्हणून तिला उलट मार बसत नाही, शत्रूचं निम्म्याहून जास्त बळ तिथेच जातं, आणि मग तुझा रणगाडा ओरखडासुद्धा न लागता उरलेलं काम पुरं करतो. माणसं तीच, पैसा तोच, जागा तीच. आधी कोण आणि मागून कोण, एवढाच काय तो फरक.

तोफ तर तुझ्यासारख्या उतावळ्या पोरासाठीच घडवल्यासारखी आहे. (रागावू नकोस, लाडानेच म्हणते.) ती ज्या दिवशी हलते त्या दिवशी डागता येत नाही. आज नेऊन ठेवायची, उद्या वापरायची. म्हणजे उद्या शत्रू कुठे येऊन उभा राहील याचा विचार आजच करायला हवा, आणि तिला अगदी शेजारी येऊन कोणी मारलं तर उलट मारता येत नाही म्हणून तिच्यापुढे कोणालातरी आडोसा म्हणून उभंही करायला हवं. तो आडोसाही जागा बघून निवडावा. रस्त्यावर संरक्षण काहीच नाही, मैदानात एक तारा, रानात दोन, शहरात तीन आणि डोंगरावर चार. तू मात्र रस्त्याने लवकर पोचता येतं म्हणून सगळी फौज रस्त्यावर एका ओळीत उभी करतोस!

धुक्याच्या लढाईत तर हे फारच जपायला हवं. धुक्यात रानात लपलेला शत्रू अगदी शेजारी गेल्याशिवाय दिसत नाही, आणि न बघता पुढे घुसलेली तुकडी त्याच्यावर जाऊन आदळली की तिची त्या दिवसाची चाल तिथेच संपते. पायदळ डोंगरावर चढलं की त्याला लांबचं दिसतं. म्हणून आधी त्याला वर पाठवावं, चहूकडे नजर टाकू द्यावी, आणि मगच महागाची यंत्रं हलवावीत. पायदळ हळू चालतं, पण वाट बघावी अशीच ती जात आहे. शहर ताब्यात घेणंसुद्धा त्यांचंच काम. शहराचे वीस गुण, आणि पूर्ण बळाची तुकडी दिवसाला दहा काढते, म्हणजे दोन दिवस ठाण मांडून बसावं लागतं. मध्येच उठून दुसरीकडे नेलीस की केलेलं सगळं काम पुसलं जातं. तू तसं एकदा केलंस तेव्हा मी शेजारी बसून हळहळले होते.

पैशाचंही तुला सांगायचं आहे, कारण तू मनाने उदार आहेस आणि उदार माणसाने हिशेब ठेवावा. ताब्यातलं प्रत्येक शहर रोज १००० देतं. पायदळाची एक तुकडी १०००ला, साधा रणगाडा ७०००ला, तोफ ६०००ला आणि तुझा तो लाडका मोठा रणगाडा १६०००ला. हातात पैसे आले की तुझी नजर थेट मोठ्याकडे जाते. पगाराच्या पहिल्या आठवड्यातच मिठाई आणून महिनाअखेरीला पीठ उसनं मागावं, तशी गत होते मग. सुरुवातीचे दिवस पायदळ काढावं, आजूबाजूची शहरं जोडावीत, आवक वाढू द्यावी. मोठा रणगाडा आपोआप परवडायला लागतो. आणि जखमी तुकडी फेकून देऊ नये रे! ७०००चा रणगाडा मागे शहरात नेऊन उभा केलास की रोज दोन बळ भरून येतं आणि त्याला १४०० लागतात. मरू दिलास तर नव्याला पुरे ७०००. तुझा तो पान्हा घेऊन फिरणारा सेनापती अँडी मला आवडतो तो याचसाठी, त्याची खास शक्ती सगळ्या फौजेची डागडुजी करण्याची आहे. विमानांचंही लक्षात ठेव, ती जागच्या जागी थांबली तरी रोज इंधन जळतं, आणि संपलं की कोसळतात. संध्याकाळी झोपण्यापूर्वी मी गॅसची कळ बघते, तसा दिवस संपवण्यापूर्वी तू इंधनाचा आकडा बघत जा.

तुझ्या मामाने मला या खेळाचा इतिहास सांगितला. जपानमध्ये १९८८ साली ‘फॅमिकॉम वॉर्स’ नावाने तो सुरू झाला, इंटेलिजंट सिस्टम्स आणि निन्टेन्डो यांनी केलेला, आणि बरीच वर्षं तो जपानबाहेर गेलाच नाही. पहिला ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर अमेरिकेत आला तो १० सप्टेंबर २००१ला, आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. युरोपात मग तो २००२मध्ये गेला आणि खुद्द जपानात २००४ साली. तू खेळतोस ती नवी आवृत्ती ८ एप्रिल २०२२ला यायची ठरली होती. पण फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्चमध्ये निन्टेन्डोने ती पुढे ढकलली. आली ती २१ एप्रिल २०२३ला. खरोखर घरं जळत असताना युद्धाचा खेळ दुकानात मांडू नये, हे त्यांना कळलं, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. पटावरची लढाई आपल्याला नवी नाही. आपल्या चतुरंगातही हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतंच. पण १०००ला मिळणारा तो शिपाई पडला की तुझा चेहरा जरा उतरतो, ते मी पाहिलंय, आणि ते तसंच राहू दे.

नव्या आवृत्तीत दिवस संपवण्यापूर्वी सगळ्या चाली मागे घेऊन तो दिवस पुन्हा खेळता येतो. ती सोय वाईट नाही, पण आधी बोट चालवायचं आणि मग डोकं, अशी सवय मात्र तिने लागू देऊ नकोस. रात्री लढाई अडली तर सेव्ह करून सरळ झोप. अकरा वाजता जी वाट दिसत नाही ती पहाटे साडेपाचला दिसते, हे मी हिशेबाच्या वहीवरून सांगते. उठावं, तोंड धुवावं, दूध प्यावं, आणि काही न हलवता नुसता नकाशा बघावा. कुठलं घर रान आहे, कुठली तुकडी जखमी आहे, शत्रूची तोफ कुठवर पोचते, ते आधी मोजावं. शाळेच्या दिवशी एवढंच पुरे, चाल संध्याकाळी कर.

दिवाळीत येशील तेव्हा चार्जर विसरू नकोस. एकाच कन्सोलवर आळीपाळीने खेळता येतं असं तू म्हणाला होतास, तर आपण दोघं खेळू. मला लांबून तोफा मारणारा तो उंच, सडपातळ सेनापती ग्रिट हवा, तू तुझा धिप्पाड मॅक्स घे. माझी पाळी असेल तेव्हा ‘आजी, लवकर’ म्हणायचं नाही, हे आत्ताच कबूल करून टाक.

तुझी,
आजी