डॉक्टरांनी विचारावे की गप्प बसावे?

खोकला घेऊन एक गृहस्थ दवाखान्यात येतात. केसपेपरवर नाव, वय, वजन, रक्तदाब सारे काही लिहिले जाते. शर्टाच्या खिशातून बिडीचे बंडल डोकावत असते. डॉक्टरांना ते दिसते आणि त्यांना दिसले आहे हे गृहस्थांनाही कळते. तरी दोघेही खोकल्याच्या औषधापलीकडे बोलत नाहीत. बाहेर रांग असते हे खरेच. पण त्याहून मोठे कारण संकोचाचे आहे. ज्याचे शरीर त्याचे. चार मुलांच्या बापाला आपण काय शिकवावे, असे डॉक्टरांना वाटते.

हा संकोच सभ्य माणसाचा आहे. पण त्याला आदर म्हणावे का?

आदर स्वातंत्र्याचा करायचा, तर ते स्वातंत्र्य शिल्लक किती आहे हेही पाहायला हवे. व्यसन बहुधा कोवळ्या वयात लागते, आणि पुढे निकोटिनची इतकी सवय जडते की सकाळी उठल्याबरोबर पहिली सिगारेट ओढल्याशिवाय चैन पडत नाही. २०१६-१७ मध्ये आपल्या देशात तंबाखूविषयी मोठी पाहणी झाली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मनात ते सोडण्याचा विचार असल्याचे तिच्यात आढळले. म्हणजे डॉक्टर गप्प बसतात, तेव्हा रुग्णाच्या इच्छेचा मान राखला जातोच असे नाही. पुष्कळदा त्याची इच्छा एकीकडे आणि सवय दुसरीकडे अशी ओढाताण चाललेली असते, आणि आपले मौन सवयीच्या बाजूने उभे राहते.

याच्या उलट टोकाला रागावणारे डॉक्टर असतात. "मरायचंय का? मग माझ्याकडे कशाला आलात?" हेतू चांगलाच असतो, पण परिणाम असा होतो की पुढच्या खेपेला रुग्ण खोटे बोलतो. दिवसाला वीस ओढणारा "दोन-तीन, डॉक्टर" असे सांगतो. दवाखाना म्हणजे काही पापनिवेदनाची जागा नव्हे. (आणि खरे तर पापनिवेदन ऐकणाराही कुणावर खेकसत नाही!) ज्या माणसाने तीनदा सोडून चौथ्यांदा सुरू केली, त्याला लाज पुरेशी वाटून झालेली असते. आणखी लाजवून त्याच्या हाती काय लागणार?

मग बोलावे तरी कसे? या बाबतीत लंडनमधील एक जुना अभ्यास सांगण्याजोगा आहे. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या फॅमिली डॉक्टरांनी, रुग्ण कोणत्याही कारणाने आलेला असो, एक-दोन मिनिटे सिगारेट सोडण्याविषयी सांगायचे, एक पत्रक द्यायचे आणि "पुढे आम्ही चौकशी करू" असे कळवायचे. एवढेच. वर्षभराने पाहिले, तर अशा रुग्णांपैकी ५.१ टक्के सिगारेटपासून दूर राहिले होते. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होते.

शंभरातले पाच! कुणी म्हणेल, पंचाण्णव जणांपुढे बोलणे वायाच गेले. पण ते पाच कोणते, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. "हा काही ऐकायचा नाही" असे मनाशी ठरवून ज्याला वगळले, तोच कदाचित त्यांच्यातला असतो. म्हणून प्रत्येकाला विचारायचे, आणि दर खेपेला विचारायचे.

नुसते "सोडा" म्हणून भागत नाही, हेही तितकेच खरे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, हात खिशाकडे जातो. हा त्रास साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो, हे आधी सांगून ठेवले तर माणूस घाबरत नाही. सोडण्याची तारीख त्यालाच ठरवू द्यावी. निकोटिनचा च्युइंगगम किंवा औषधे घेणे म्हणजे मनाचा दुबळेपणा, हा समज तर सोडूनच द्यावा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण दुबळा म्हणत नाही. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावरही सल्ला मिळतो.

"आता या वयात सोडून काय उपयोग?" असे विचारणाऱ्यांसाठी इंग्लंडमधील रिचर्ड डॉल यांचे काम आहे. १९५१ पासून पन्नास वर्षे त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्याच सवयी आणि मृत्यू यांची नोंद ठेवली. २००४ मधील निष्कर्ष असा, की साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य मिळते, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत नऊ. आणि सिगारेट सोडणारे ते सारे स्वतः डॉक्टर होते!

आपल्या धर्मग्रामात परिचारिका आहेत, औषधांच्या दुकानात काम करणारी मुले आहेत. रुग्ण डॉक्टरांपुढे जे बोलत नाही, ते पट्टी बांधणाऱ्या सिस्टरजवळ सहज बोलून जातो. त्या वेळी "मागच्या महिन्यात सोडणार म्हणाला होता, कसं चाललंय?" एवढे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. "पुन्हा सुरू झाली, सिस्टर" असे उत्तर आले, तर नवी तारीख विचारून ती केसपेपरवर लिहून ठेवता येते.