डोळ्यांची आखणी

पुतणीचं शोरील परत आलं ते एका ओळीच्या शेऱ्यासकट: एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेरा देणारा माझाच मित्र. मुंबईतल्या एका व्हीएफएक्स स्टुडिओसाठी तो माणसं निवडतो, म्हणून मीच त्याला गळ घातली होती, पोरीचं काम एकदा बघ. दोन मिनिटांत तिने एक रोबो चालवला होता, एक गाव दिवेलागणीला उजळवलं होतं, कापड फडकवलं होतं आणि शेवटी टॅब्लेटवर हाताने रंगवलेलं पावसातलं बंदर ठेवलं होतं. मला ते आवडलं होतं, त्यामुळे शेरा मलाच जास्त लागला. चिंध्यांचीच गोधडी होते, असं उत्तर मी तिथल्या तिथे पाठवून दिलं.

मोठ्या स्टुडिओला एकच काम चोख करणारा लागतो आणि लहानाला सगळं निभावून नेणारा, हे ॲनिमेशनच्या कुठल्याही क्लासात पहिल्याच दिवशी सांगतात. ते सोडून देऊ. मला सलत होतं ते वेगळं. सगळं करून पाहणं हा दोष कधीपासून झाला? मी उदाहरणाला कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री काढले. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं केली, दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः बनवला, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि चित्रपटांची पोस्टरंही रंगवली. एवढे उद्योग करणाऱ्या या मेस्त्रींना लोकांनी आडनाव दिलं ते मात्र एकाच कामाचं, पेंटर. ही गंमत मी मित्राला मोठ्या ऐटीत ऐकवली. ती माझ्याच अंगावर येऊ शकते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

माझा मुद्दा अख्ख्याचा आणि तुकड्याचा होता, आणि तो मी अनेक वर्षं अनेक ठिकाणी वापरलेला आहे. गावचा कुंभारही एकाच कामाचा माणूस, पण माती तुडवण्यापासून भट्टी उतरवेपर्यंत मडकं त्याचंच. व्हीएफएक्समध्ये रोटो करणाऱ्या मुलाचं तसं नाही. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. त्या प्रत्येक फ्रेममध्ये नटाच्या आकृतीची कड आखून त्याला पार्श्वभूमीपासून सोडवायचं. दहा दिवस एकाच बाईचे उडते केस. ती बाई कुणापासून पळतेय हे त्याला ठाऊक नसतं. परदेशी सिनेमांचं हे काम आपल्याकडे येतं ते इथल्या मुलांना केसांची विशेष ओढ आहे म्हणून नव्हे, मजुरी स्वस्त म्हणून. याला प्रावीण्य म्हणायचं? वर त्यातलं बरंचसं आता सॉफ्टवेअर करू लागलंय, असंही मी सुनावलं.

मित्र शांतपणे म्हणाला, “आणि तुझ्या पुतणीचं? एक ओळ लिहिली की रोबो, गाव, कापड, बंदर, सगळं बरं बरं काढून देणारं यंत्र आलंय. सगळं थोडं थोडं येणारा सगळ्यात स्वस्त कामगार आता माणूस राहिलेला नाही.”

यावर मी गिंट्स झिल्बालोडिसचं नाव घेतलं. लात्वियाच्या या पोराने २०१९ चा ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट एकट्याने केला. पुढचा ‘फ्लो’ फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये झाला आणि २०२५ मध्ये त्याने ऑस्कर नेलं. बोलता बोलताच मी अडखळलो. ‘फ्लो’ त्याने एकट्याने केलेला नाही. सगळं येत असतानाही त्याने मांजर चालवायला, पाणी हलवायला माणसं घेतली.

त्या रात्री मला पेण आठवलं. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत कामं वाटलेली असतात. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, हात जोडणारा वेगळा, रंग देणारा वेगळा. डोळ्यांची आखणी मात्र कसलेल्या हाताकडेच जाते. मी असा एक कारागीर पाहिला आहे. ब्रश रंगात बुडवण्याआधी तो मूर्ती फिरवून फिरवून बघत राहिला. सोंड कुठे वळलीय, मान किती कललीय, उंदीर कुठे बसलाय. मग बुबुळ टेकवलं. माझ्या हिशेबाने हा तुकडेवाला. इंचभर जागेचा धनी. पण त्या कारखान्यात अख्खी मूर्ती त्याच्याइतकी कुणीच पाहिली नव्हती. इतकी वर्षं मिरवलेला माझा भेद तिथे तुटला. रोटोवाल्या मुलाचं दुखणं त्याचं काम अरुंद असण्यात नाही, त्याला मूर्ती कुणी दाखवतच नाही यात आहे. पुतणीने तर एकटीने बसून चार मूर्ती केल्या होत्या आणि चारही बिनडोळ्यांच्या. गोधडीच्या वाक्याचीही मग लाज वाटली. आमच्या आजीच्या गोधडीत चिंध्या साऱ्या घरादाराच्या होत्या; धावदोरा तिचा एकटीचा होता.

मित्राला हे अजून सांगितलेलं नाही. तो उगाच चढून बसेल.

पुतणीला मात्र फोन केला. बरीच प्रस्तावना करून म्हटलं, एक काहीतरी धर.

“बंदर धरलंय, काका,” ती म्हणाली. “बाकीचं मागच्याच आठवड्यात काढून टाकलं. पण त्यातलं पाणी मला येत नाही.”

सध्या ती पहाटे ससून डॉकला जाते. होड्या लागताना पाणी कसं दबतं ते बघत बसते. तिथलं पाणी निळं नसतंच म्हणे. डिझेलचा तवंग असतो आणि त्यात माशांचे खवले चमकतात. ते खवले कसे करायचे यावर तिचे तीन आठवडे गेलेत.