बाळंतपण : उपकार की देणे?

एखाद्या गरीब स्त्रीचे बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून समाज जे काही करतो, त्याला काय म्हणावे? दया म्हणावी, सेवा म्हणावी, की तिचे न्याय्य देणे म्हणावे? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु उत्तर बदलले की रुग्णालयाच्या दारात त्या स्त्रीचे उभे राहणेच बदलते. उपकार घेणाऱ्याने मान खाली घालून थांबायचे असते आणि मिळेल त्यात समाधान मानायचे असते. ज्याचे देणे आहे, त्याला मात्र "माझे का अडले?" असे विचारता येते.

कुंडल-पलूस भागात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. आपल्या मुली सांगली-मिरज-कुपवाड, पुणे, मुंबई अशा शहरांत नांदायला जातात. पुष्कळ जणींचा संसार वस्तीतील भाड्याच्या एका खोलीत असतो. सुरुवातीची तपासणी तिथे होते, पुढे ओटीभरण झाले की त्या माहेरी येतात. माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या पेटीत राहिले, तर तिचा रक्तदाब किती होता, हिमोग्लोबिन किती होते, हे इथल्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. जिला जायला माहेरच नाही, तिची स्थिती तर याहून बिकट. शहर तिच्यासाठी परके आणि गाव दूर.

मातामृत्यू का घडतात याचा विचार करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली तीन विलंब दाखवून दिले. दवाखान्यात जायचे ठरवण्यास लागलेला उशीर, तिथे पोहोचण्यास लागलेला उशीर, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास लागलेला उशीर. शहरात दुसरा विलंब नसावा असे आपल्याला वाटते, कारण रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला तपासणीचा एक दिवस म्हणजे एका दिवसाचा खाडा. धाकटे मूल कोणाकडे ठेवायचे, मध्यरात्री रिक्षाला पैसे कुठून आणायचे, हे प्रश्न किलोमीटरमध्ये मोजता येत नाहीत.

महाराष्ट्राची प्रगती नाकारण्याचे कारण नाही. २०१८ ते २०२० या काळातील सरकारी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. परंतु सरासरीचा आकडा वस्तीवस्तीतील अंतर सांगत नाही, आणि ज्या घरातली आई गेली त्या घराला सरासरी नसते.

शासनाने हे देणे कागदावर मान्य केले आहे. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सारे विनामूल्य आहे. २०१३ साली राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आले. त्यात सुमारे पन्नास हजार लोकसंख्येमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. १९४३ नंतर कुंडलने प्रतिसरकार अनुभवले. न्याय ही दरबाराची मेहेरबानी नसते, हे या मातीला वेगळे सांगायला नको.

मग दयेला स्थान उरले नाही काय? आपल्या भागाने दयेचे सामर्थ्य जवळून पाहिले आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हा हक्काची भाषा बोलणारा कायदा नव्हता. जिथे न्याय पोहोचला नाही, तिथे प्रेम आधी पोहोचले. ख्रिस्तसभेलाही हे शिकावे लागले. एके काळी धर्मभगिनींना प्रसूतीचे काम करण्यास मनाई होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि उपचारांवाचून मरतात, हे रावळपिंडीच्या अनुभवातून डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन यांनी रोमपुढे मांडले. त्याच वाटेने पुढे गेलेल्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेचा धर्मसंघ स्थापला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ही वाट मोकळी केली. व्रताचे कवच मानलेला नियम मातांच्या मरणापुढे मागे सरला.

मुंबईचे उदाहरणही बोलके आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. रुग्णालयात येणाऱ्या बाळाचे दुखणे वस्तीत सुरू होते, हे त्यांनी ओळखले होते. २००६ ते २००९ या काळात ४८ वस्त्यांपैकी निम्म्यांत स्त्रियांचे गट चालवून या प्रयत्नाचा परिणाम तपासला गेला. माता-बालकांच्या आरोग्यात अपेक्षित फरक दिसला नाही, आणि तो निष्कर्ष २०१२ साली प्रामाणिकपणे प्रसिद्धही झाला. मी यातून एवढेच घेतो की, थकलेल्या बाईला सांगणे पुरेसे नसते. तिच्यासाठी व्यवस्थाही जागी असावी लागते.

पण व्यवस्था जागी असली तरी प्रसूतिकक्षात कळा सोसणाऱ्या स्त्रीला कोणी टोचून बोलले, तर कायद्याने दिलेले सारे मिळूनही ती अपमान घेऊन घरी जाते आणि पुढच्या खेपेला उशिरा येते. पहिला विलंब पुष्कळदा असा जन्मतो. म्हणून न्याय आणि प्रेम यांच्यात निवड करायची नाही. न्यायाने दार उघडते. आत जायचे धैर्य मात्र तिला कोणाच्या तरी सोबतीने येते. पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली, असे लूक सांगतो. तिने निरोप पाठवला नाही, ती स्वतः गेली.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना हे जमण्यासारखे आहे. शेजारच्या गरोदर स्त्रीचे कार्ड जपून ठेवले आहे ना, हे पाहावे. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक तिच्या घरात भिंतीवर लिहावेत. तपासणीच्या दिवशी तिचे मोठे मूल सांभाळावे. विनामूल्य असलेल्या गोष्टीसाठी कोणी पैसे मागितले, तर तिच्या बाजूने उभे राहून लेखी तक्रार करावी. आणि हे सारे केल्यावर तिच्याकडून आभाराची अपेक्षा ठेवू नये. कारण जे तिचेच होते, तेवढेच आपण तिच्यापर्यंत पोहोचवलेले असते.