कठडा कोणासाठी?

आमच्या वसईत वाडीला पाणी देणारी विहीर असे, बावखल असे. त्यांतील कित्येक बुजली आणि काही बंगल्यांच्या आवारात निळ्या लाद्यांचे तरणतलाव आले. बावखलाकाठी दिवसभर माणसांचा राबता असे. खाजगी तरणतलाव मात्र बहुतेक वेळ निर्मनुष्य असतो. उघड्या फाटकातून शेजारचे अजाण मूल आत गेले आणि बुडाले, तर दोष कोणाचा? ‘त्याला बोलावले होते कोणी?’ असे मालक म्हणेल. या प्रश्नाचाच आम्हांस येथे विचार करावयाचा आहे.

हयगयीमुळे मृत्यू घडल्यास 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. परंतु शिक्षा मृत्यूनंतर येते. फ्रान्सने 2003 साली कायदा करून जमिनीत बांधलेल्या खाजगी तरणतलावांना कुंपण, झाकण, छत किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक तरी साधन सक्तीचे केले. तेथे कायदा मृत्यूची वाट पाहत नाही.

पवित्र शास्त्राचीही हीच दृष्टी आहे. खड्डा उघडा ठेवल्याने त्यात बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी, असे निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, अशी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाची आज्ञा आहे. पडणारा पाहुणा की आगंतुक, हे तेथे विचारलेलेच नाही. ज्याला धोका कळतो त्याने तो न कळणाऱ्याला सांभाळावे, एवढेच त्यातून निघते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे’ ही पाटी वाचता न येणाऱ्या मुलासाठी नसतेच.

मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण विचार, शब्द व कृती यांनी केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. न घातलेले कुंपण आणि उघडे राहिलेले फाटक याच सदरात मोडतात. बुडणारे मूल बहुधा हाकही मारत नाही. काही मिनिटांत सारे संपते. म्हणून चारही बाजूंनी चढता न येणारे कुंपण, आपोआप बंद होणारे फाटक आणि मुले पाण्यात असताना जागती नजर, ही केवळ हौशी मालकाची सोय नव्हे. ते शेजारप्रीतीचे अंग आहे.

आपला शेजारी कोण, हे प्रभूला एका शास्त्र्याने विचारले होते. न बोलावता आपल्या फाटकातून आत येणारे मूल हेही त्याचे एक उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.