उरलेल्या नोंदी कुणाच्या?

मराठवाड्यात खापरपणजोबांना एवढे चांगले दिवस पूर्वी कधी आले नव्हते. ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठा-कुणबी नोंदी शोधणारी समिती नेमली गेली आणि वर्षानुवर्षे बस्त्यात बांधून ठेवलेले निजामकालीन कागद उजेडात आले. ऑक्टोबरअखेर पहिला अहवाल आला. सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासल्या, त्यांत ११,५३० ठिकाणी ‘कुणबी’ असा उल्लेख सापडला, असे सांगण्यात आले. म्हणजे साधारण दीड हजार नोंदींमागे एक.

मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण मिळवून देऊ शकणाऱ्या त्या एका नोंदीवरून मोर्चे निघाले, उपोषणे झाली, शासन निर्णय आले. उरलेल्या १,४९९ नोंदींबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. त्याही कोणाच्या तरी आज्या-पणज्यांच्याच होत्या. तपासणाऱ्याने ओळीवरून बोट फिरवले, हवा तो शब्द दिसला नाही, पान उलटले. शब्द सापडलेल्या घरातही पुढे फारसे काही घडले नाही. नक्कल काढली, लॅमिनेशन केले, कपाटात ठेवली. खापरपणजोबा कोण होते, कुठून आले, किती भावांतले कितवे, हे विचारायचे राहूनच गेले. आरक्षणाचा निवाडा न्यायालये करतील. मला बोलायचे आहे ते या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल. नांदेड जिल्ह्यातल्या हदगावसारख्या तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी घराला आपले मूळ शोधायचे म्हटले, तर हाती काय लागते आणि काय लागत नाही?

पहिला गैरसमज जनगणनेचा. ‘१८८१ च्या खानेसुमारीत आमची नोंद आहे’ असे वाक्य आता पारावर सहज ऐकू येते. तशी नोंद कोणाचीच नाही. निजामाच्या राज्यातली पहिली खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ ची. तिच्यात ९८ लाख ४५ हजार माणसे मोजली गेली. पण छापून राहिले ते तक्ते: अमुक जिल्हा, अमुक जात, एवढे पुरुष, एवढ्या बायका. नावे ज्या कागदांवर होती ते कागद तक्ते तयार झाल्यावर गेले. इंग्लंडात शंभर वर्षांनी जनगणनेची पाने नावानिशी खुली होतात. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. अमेरिकेत ७२ वर्षांनी होतात. तिकडचा माणूस घरबसल्या पणजोबाच्या घराचा क्रमांक, भावंडे, धंदा वाचू शकतो. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ वैयक्तिक माहितीला कायमचे कुलूप लावते. तेव्हा जनगणनेत खापरपणजोबा आहेत खरे, पण एक आकडा म्हणून.

तरीही आकडा मुका नसतो. १८९१ मध्ये हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी १५ लाख होती. १९०१ मध्ये ती १ कोटी ११ लाखांवर आली. १९११ मध्ये १ कोटी ३४ लाख, तर १९२१ मध्ये १ कोटी २५ लाख. चाळीस वर्षांच्या चढत्या आलेखात हे दोन खड्डे. पहिला छप्पनच्या दुष्काळाचा, दुसरा मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचा. घरातली म्हातारी सांगत असते की, ‘आमच्या सासऱ्याचे दोन भाऊ एका आठवड्यात गेले, तिसऱ्याला मामाने नेऊन वाढवले.’ ती साल सांगत नाही. पण मानमोडी १९१८ च्या पावसाळ्याअखेर आली आणि हिवाळ्यात ओसरली, हे माहीत असले की तिच्या वाक्याला तारीख मिळते. त्याच सुमाराची, म्हणजे निजामी महसुली कालगणनेतल्या १३२८ फसलीच्या आसपासची वारसांची पाने कोणती, हेही मग शोधता येते. जनगणना नाव देत नाही, पण कोणत्या वर्षाचे दप्तर उघडायचे ते सांगते.

एक अपवाद मोठा मोलाचा आहे. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार केली गेली. घरागणिक, नावानिशी. आसामात तिच्यावरून पुढे केवढे रामायण झाले हे आपण जाणतो. मराठवाड्यात ती इतकी वर्षे पडून होती; शिंदे समितीच्या तपासणीच्या यादीत तिचे नाव आल्यावर लोकांना कळले की असेही काही असते.

ही तपासणीची यादी स्वतःच वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचे प्रवेश निर्गम रजिस्टर, १९६७ पूर्वीची खरेदीखते, वक्फकडचे मुंतखब म्हणजे इनामाचे दाखले. त्याशिवाय उत्पादन शुल्काची ताडीची नोंदवही, पोलिसांचे अटक पंचनामे आणि तुरुंगातली कच्च्या कैद्यांची नोंदवही. म्हणजे आपला पूर्वज सरकारला दिसला तो सारा भरताना, कर्ज काढताना, ताडीचा परवाना घेताना किंवा बेड्या घातलेल्या अवस्थेत. सरकारने कोणाची आठवण म्हणून कोणाला लिहिले नाही. ज्याच्याकडून काही वसूल करायचे, त्याला लिहिले.

यातूनच कोण राहिले तेही कळते. ज्याच्या नावावर जमीन, त्याचे नाव पाच ठिकाणी. महार, मांग, इतर गावकामगार यांची नावे इनामाच्या कागदात, तीही वतनापुरती. पाडव्याला ज्याचे साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला संपायचे, त्या सालगड्याचे नाव जमिनीच्या कुठल्याच कागदात नाही. बहुधा त्याचा पोरगा शाळेत गेला तरच त्या घराची पहिली ओळ लिहिली गेली, आणि ती ठरलेल्या तारखेनंतरची असली तर जातपडताळणीत त्याला त्याच उशिराचा जाब द्यावा लागतो. कागद मागणारे सरकार आणि कागद न देणारे सरकार एकच असते, हे त्याच्या लक्षात येते.

आता एखादे पान प्रत्यक्ष हातात आले तर? ते बहुधा उर्दूत असते, तेही शिकस्ता लिपीत, घाईघाईने, नुक्ते गाळून. उर्दूत ‘नाना’ आणि ‘बाबा’ या दोन नावांचा सांगाडा एकच; फरक फक्त टिंबांचा. टिंबे गाळली की नाना बाबा होतो, बाबा नाना होतो. मराठवाड्यात ही दोन्ही नावे घरटी सापडतात, तेव्हा वाचणाऱ्याला बापाचे नाव आणि शिवार माहीत नसेल तर तो एका घराचा पूर्वज दुसऱ्या घराला देऊन मोकळा होतो. वर्ष फसली, ढोबळमानाने त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. गावांचीही तीच गत. आज हिमायतनगर वेगळा तालुका आहे, पण जुन्या कागदात ते वाढोणा असते आणि तालुका हदगाव. किनवटकरांना तर आणखी लांब जावे लागते, कारण १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते.

निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतर कागद मराठीकडे वळतो. १९५४-५५ चे खासरा पत्रक, मग सातबारा, आणि त्याच्यामागचे फेरफार. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने एकच वही वाचायची ठरवली तर ती फेरफाराची वाचावी. ‘खातेदार मयत, वारस मुले तीन’ या एका ओळीत एक पिढी संपून दुसरी सुरू होते. नावापुढचे शेरेही बोलतात. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: थोरल्याच्या एका नावामागे सगळे धाकटे भाऊ दडलेले असतात, आणि दोन पिढ्यांनी त्याच तीन अक्षरांवरून कोर्टकचेऱ्या होतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि पुढे आईचे नाव. कुंकू पुसल्यावर बाईचे नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर चढले, तेही मुलगा सज्ञान होईपर्यंत. मुलींचे नाव वारसात लागते आणि बहुतेक वेळा पाठोपाठ हक्कसोडपत्र येते. माहेरच्या दप्तरात मुलीची नोंद होते ती हक्क सोडतानाच.

हदगावची आणखी एक गंमत पैनगंगेत आहे. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे उमरखेड म्हणजे वऱ्हाड. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी १८६७ मध्येच तिथे खानेसुमारी घेतली. दोन्ही काठांचे रोटीबेटीचे व्यवहार मात्र कधी थांबले नाहीत. त्यामुळे एकाच घरातल्या बहिणीच्या सासरी कागद कुणबी म्हणतो आणि भावाच्या कागदावर मराठा असते. सोयरे एकच, पीक तेच, कुळाचार तोच. लिहिणारा कारकून तेवढा वेगळ्या सरकारचा. हदगावच्या ज्या घराला अलीकडे काही सापडत नाही, त्याने आत्याच्या सासरचे, आजीच्या माहेरचे कागद पलीकडे पाहावेत. पण त्यासाठी आजीचे माहेर ठाऊक असावे लागते, आणि बहुतेक वंशावळींत तेच नसते.

दप्तर का नाही, याचेही कधी कधी अभिमानाचे उत्तर असते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरच्या कॅम्पांतून कार्यकर्ते आत यायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, शिंदीची झाडे तोडायचे, लेव्हीची वसुली बंद पाडण्यासाठी पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे पेटवायचे. उमरखेडचा कॅम्प त्यांपैकीच. आज नातू जो कागद शोधतो आहे, तो जाळणाऱ्यांत कदाचित त्याचाच आजा असेल. त्याला यात विसंगती वाटली नसती. त्याच्या दृष्टीने ते दप्तर म्हणजे वंशावळ नव्हती, जुलमाची यादी होती.

कागद संपला की उरते भावकीची आठवण. तिला आपण गप्पा म्हणतो, पण तिच्यातही नोंदवह्या आहेत. गावात कोणाचे सुतक कोणाला दहा दिवसांचे आणि कोणाला तीन दिवसांचे, हे पाहिले की घराण्याच्या फांद्या आपोआप मांडल्या जातात. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, यावरून थोरली पाती कोणती ते कळते. म्हणून तर त्या मानावरून डोकी फुटतात. कुळाचार माहूरचा, तुळजापूरचा की माळेगावच्या खंडोबाचा, यावरून घर कोणत्या दिशेने आले त्याचा माग लागतो. आडनावही माग देते: हदगावकर हदगावात भेटत नाहीत, हदगाव सोडून गेलेले तेवढे हदगावकर होतात. काही आडनावांचे गाव आज महसुली नकाशात ‘बेचिराख’ या शेऱ्यासह फक्त शिवार म्हणून उरले आहे. बंजारा तांड्यांवर ढाडी पिढ्या गातात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत गावागणिक यात्रेकरूंची नावे सापडतात.

मात्र ही आठवणही निर्दोष नाही. कुठल्याही गावात विचारा, ‘तीन भाऊ आले, एक इथे राहिला’ अशीच कथा मिळते. दत्तक आलेला, घरजावई राहिलेला, दुसरेपणावर केलेली, अंगाबाहेर टाकलेला, असे सगळे तिच्यातून गळतात. कागद सरकारच्या सोयीने लिहिला गेला, तशी आठवण घराण्याच्या अब्रूच्या सोयीने घडवली गेली. म्हणून तिन्ही जवळ ठेवून वाचावे लागते. जनगणना सगळ्यांना मोजते, नाव कोणाचेच राखत नाही. दप्तर नाव देते, पण खातेदारापुरते. आठवण माणूस देते, पण तिला तारीख नसते. जिथे तिघांचे जुळत नाही तिथेच इतिहास सुरू होतो. फेरफारात चार मुलगे आणि भावकी सांगते तीन, तर चौथ्याचे काय झाले हा प्रश्न प्रमाणपत्रापेक्षा मोठा आहे.

सरकारलाही शेवटी इथेच यावे लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या निजामकालीन नोंदींच्या हैदराबाद गॅझेटबाबतच्या शासन निर्णयात कुणबी दाखल्यासाठी गावपातळीवर समित्या ठेवल्या आहेत. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज याच भागात राहत असल्याचे शपथपत्र द्यावे आणि समितीने स्थानिक चौकशी करावी, अशी तरतूद आहे. म्हणजे दीड शतकाचे कागद धुंडाळून झाल्यावर प्रश्न पुन्हा गावाच्या तोंडावर आला. त्याच गॅझेटच्या आधारे आता बंजारा समाजही अनुसूचित जमातीची मागणी करतो आहे. शोध वाढत जाणार, आणि प्रत्येक जण आपापला एकच शब्द घेऊन दप्तराशी जाणार.

आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची जनगणना येते आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच तिच्यात सगळ्यांची जात मोजली जाईल. पण नावे पुन्हा कुलपातच जाणार आणि बाहेर तक्तेच येणार. हदगाव, तामसा, निवघा, मनाठा इथल्या शाळा आणि ग्रामपंचायती वाट पाहत बसल्या नाहीत तर गावाची स्वतःची वही करू शकतात. उर्दू वाचणारी म्हातारी माणसे अजून काही मोहल्ल्यांत आहेत. त्यांना मानधन देऊन गावचा बस्ता वाचून घेता येईल. प्रत्येक घराच्या पानावर बायकांची माहेरे लिहिता येतील. ज्यांच्या नावावर कधीच शेत नव्हते, ते कोणाच्या वाड्यावर किती साले राहिले हेही लिहिता येईल.

वंशावळ शपथपत्रापुरती लिहिली तर प्रमाणपत्र हाती आले की ती संपते. गावासाठी लिहिली तर तिच्यात सालगडी येतो, सासुरवाशीण येते, बेचिराख गावाहून आलेला पाहुणा येतो, आणि आपण कोणाच्या कष्टावर पाटील म्हणवून घेतले तेही नावानिशी वाचावे लागते.