काटा केलास का?

गेल्या उन्हाळ्यात आई-अण्णा पहिल्यांदाच माझ्याकडे, डेन्व्हरला आले. त्यांना यलोस्टोन दाखवायचं, तेही मोटेलात न राहता, हे मी दोन वर्षं मनाशी ठरवत होतो. त्यासाठी पिकअप घेतला आणि वर्षभराने त्यावर बसवायचा कॅम्पर. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी छोटीशी खोली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी. आई-अण्णा आत झोपतील, मी आणि बायको बाहेर तंबूत, असा बेत होता.

पहिली चूक इथेच झाली. आधी गाडी घेतली, मग ओझं शोधलं. खरं तर उलटं करायचं असतं. आधी कॅम्पर ठरवायचा, तो भरल्यावर किती वजनाचा होतो ते काढायचं आणि मग तेवढं पेलणारी गाडी शोधायची. पण गाडी आवडते आधी आणि गणित सुचतं नंतर.

अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. माझ्या गाडीचा आकडा होता १,६३० पौंड, म्हणजे साधारण ७४० किलो. कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन होतं १,४८० पौंड. बसतंय की! मी खूश.

पण माहितीपत्रकातलं वजन हे कोरडं वजन असतं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटऱ्या नाहीत, नंतर बसवलेला एसी आणि छत्रीही नाही. वीस गॅलन पाणी भरलं की १६७ पौंड वाढतात. गॅस, बॅटऱ्या, कपडे, भांडी, आईचा कुकर. शिवाय आम्ही चौघं, कारण स्टिकरवरच्या आकड्यात माणसंही धरायची असतात. यातलं मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. मी बेरीज करायचं टाळलं होतं, एवढंच.

कॅम्पर बसवल्यावर गाडी मागून बसली, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागले. मग मी उपाय शोधला. मागच्या ॲक्सलवर स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे बसवले, टायर जाड घेतले, शॉक ॲब्सॉर्बर बदलले. शनिवारभर गाडीखाली झोपून सगळं स्वतः केलं. फुग्यांत हवा भरली आणि गाडी सरळ झाली. इतकं समाधान मला कुठलाही कोड चालल्यावर मिळालेलं नाही.

बायकोला घेऊन सरावासाठी आयसनहॉवर बोगद्यापलीकडे एक फेरी मारली. हा बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना वळून थांबता यावं म्हणून तिथे रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवलेत. त्या उतारावर जळका वास आला. मी खिडकी लावून घेतली.

अण्णांनी अठ्ठावीस वर्षं कराडच्या बाजूला उसाचा ट्रक चालवला. आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते कॅम्परभोवती दोन फेऱ्या मारून आले, खाली वाकून फुगे बघितले आणि विचारलं, "काटा केलास का?"

मी त्यांना समजावलं. फुगे, टायर, शॉक. आता गाडी अजिबात बसत नाही.

"बसत न्हाई म्हंजे वजन गेलं व्हय?"

मी इंजिनियर. हा प्रश्न मला पडायला हवा होता. फुग्यांनी मागची बाजू उचलली, पण ब्रेक तेच होते, ॲक्सल तोच होता, चासी तीच होती. कंपनीने पूर्ण भरलेल्या गाडीसाठी ठरवलेली मर्यादा ६,९०० पौंड होती आणि बाजारातला कुठलाही सुटा भाग बसवून ती वाढत नाही. गाडी बसणं ही तिची तक्रार होती. मी तक्रार मिटवली, कारण तसंच ठेवलं. ऑफिसात एखाद्याने सर्व्हरवरचा ताण कमी करण्याऐवजी धोक्याची सूचनाच बंद करून टाकली असती, तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा हायवेवरच्या ट्रकस्टॉपवर गेलो. इथे ट्रकवाल्यांसाठी काटे असतात. प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं छापलेली पावती मिळते. एकूण ७,६४०. मर्यादेपेक्षा ७४० पौंड जास्त, म्हणजे सव्वातीन क्विंटलच्या वर. आणि अजून दोघी घरीच होत्या.

आमच्याकडे काटा मारणे म्हणजे वजनात फसवणं. कारखान्याच्या काट्यावर अण्णांनी त्यावरून भांडणं पाहिली आहेत. मी तर माझाच काटा मारत होतो.

तरी मी वाद घातलाच. कंपन्या आकडा जपून लिहितात, खरी ताकद जास्त असते. इथे शेकडो लोक असेच फिरतात, काही होत नाही. आपल्याकडेही जुलै २०१८ मध्ये सरकारने मालवाहू गाडीच्या चार टायरांच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे आकडा काही दगडावरची रेघ नाही.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी बी दोन पाटं जास्त टाकलं होतं. मालक म्हणला टाक, टाकलं. उताराला फुडं सायकलवाला आला. ब्रेक दाबला तर गाडी थांबंचना. त्येनं सायकल टाकून उडी मारली म्हणून वाचला. मी न्हाई वाचवला त्येला." हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मला दोन जुनी नावं आठवली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जहाजं बेसुमार भरून पाठवली जायची. बुडालं तर मालकाला विमा मिळायचा, खलाशी मात्र जायचे. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १८७६च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढणं सक्तीचं झालं. गंमत अशी, की रेघ कुठे काढायची हे बरीच वर्षं मालकच ठरवायचा. मीही तेच करत होतो. रेघ होती, फक्त ती मला हवी तिथे सरकवत होतो.

दुसरं नाव विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाचं. १८७७च्या एका निबंधात त्याने असाच एक जहाजमालक रंगवलाय. जहाज जुनं आहे हे त्याला कळतं, पण तो स्वतःची समजूत घालतो, इतक्या सफरी केल्या, हीही पार पडेल. क्लिफर्ड म्हणतो, तो मनापासून तसं मानत असला तरी दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोचलं, तरीही तेवढाच दोषी. "काही होत नाही" या माझ्या वाक्याला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. काही न होणं हा नशिबाचा भाग. तपासायचं टाळणं हा माझा.

आणि खरी ताकद जास्त असते, त्याचं काय? असेलही. पण ती शिल्लक कोणासाठी ठेवलेली असते? पावसासाठी, झिजलेल्या टायरसाठी, अचानक समोर आलेल्या हरणासाठी. आणि त्या सायकलवाल्यासाठी. मी ती माझ्या एसीवर आणि पाण्याच्या टाकीवर खर्च केली, तर दुसऱ्याच्या खात्यातले पैसे खर्च केल्यासारखं आहे. त्याची सही कुठेच नाही. २०१८ची मर्यादा चूक की बरोबर यावर वाद घालता येईल, पण ती उघड बदलली, सगळ्यांसाठी बदलली. माझी मी गाडीखाली झोपून, एकट्याने बदलली होती.

याची किंमत मोजावी लागली. थेट मोठी नवी गाडी घ्यायची तर कर्ज मोठं, आणि माझा व्हिसा असा की नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची. त्या उन्हाळ्यात आम्ही बायकोच्या छोट्या गाडीतून यलोस्टोनला गेलो आणि मोटेलात राहिलो. आई खूश होती, गरम पाणी होतं. मी दोन दिवस घुश्शात होतो.

हिवाळ्यात जुना पिकअप विकायला काढला. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "कॅम्पर पेलते ना?" फुगे भरलेले होते, गाडी सरळ उभी होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी दाराच्या कप्प्यातली काट्याची पावती काढून दाखवली. तो गेला. पुढच्याने बाराशे डॉलर कमी दिले.

मग आठ वर्षं जुनी, इथे वन-टन म्हणतात त्या वर्गातली गाडी घेतली. मुद्दाम साध्या सीटची आणि पेट्रोलची, कारण डिझेलचं जड इंजिन आणि चामड्याच्या सीटा, सगळं त्याच आकड्यातून वजा होतं. हिच्या दारावर ३,६०० पौंड लिहिलंय. रिकामी असली की पाठ मोडते आणि पार्किंगमध्ये मावत नाही.

कॅम्पर चढवल्यावर अण्णांना फोटो पाठवला. गाडी झकास सरळ उभी होती. त्यांचं उत्तर आलं: "पावती पाठीव."